आग्रहाची शाळा

माध्यमिक शाळेचा विषय निघाला की मराठी घरांत दोन मते हमखास ऐकू येतात. पूर्वीचा धाक राहिला नाही म्हणून मुले बिघडली, असे एक पक्ष म्हणतो. मुलांच्या डोक्यावर दहावीचे ओझे आधीच आहे, त्यांना आणखी किती ताणायचे, असे दुसरा पक्ष म्हणतो. या दोन्ही मतांच्या बुडाशी गृहीतक मात्र एकच आहे, ते असे की अपेक्षा आणि माया ही तागडीची दोन पारडी असून एक खाली गेले की दुसरे वर उचलले जाणारच. गेल्या अर्धशतकातील शिक्षणविषयक संशोधनाचा बराच भाग या तागडीच्या कल्पनेला छेद देतो, आणि त्याचा उलगडा करायचा तर सुरुवात अलास्कातून करणे सोयीचे ठरते.

अमेरिकेच्या या अतिउत्तरेच्या राज्यात मूळनिवासी समाजांची गावे इतकी लहान आणि विखुरलेली होती की त्यांतील बहुतेकांत हायस्कूल नव्हते, त्यामुळे पुढे शिकू इच्छिणाऱ्या मुलांना घर सोडून शहरातील किंवा निवासी शाळेत जावे लागे आणि तेथील परक्या रीतींच्या वर्गात ती तोंड मिटून बसत. अशा मुलांकडून कोणते शिक्षक काम करवून घेऊ शकतात आणि कोणाच्या तासाला ती गोठून जातात, याचा अभ्यास ज्युडिथ क्लाइनफेल्ड यांनी केला आणि तो १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षक मुलांशी जवळीक ठेवतो की अंतर राखतो, आणि तो नेटाने काम मागतो की मिळेल तेवढ्यावर समाधान मानतो, अशा दोन कसोट्या त्यांनी लावल्या. अंतर राखून अभ्यासक्रम रेटणारे शिक्षक या मुलांपर्यंत पोहोचत नव्हते, यात नवल नाही. विचार करायला लावते ती प्रेमळ शिक्षकांपैकी एका गटाची तऱ्हा : मुलांची कणव येऊन या शिक्षकांनी काम हलके केले, उत्तर आले नाही तरी चालवून घेतले, आणि त्यांच्या मायेचा मुलांना शिकण्याच्या कामी फारसा उपयोग झाला नाही. यश आले ते जवळीक आणि मागणी या दोन्ही गोष्टी ज्यांच्या ठायी होत्या त्यांना.

अशा शिक्षकासाठी इंग्रजीत रूढ झालेल्या संज्ञेचे शब्दशः भाषांतर केले तर ‘उबदार मागणीदार’ असे काहीतरी अवघडलेले हाती लागते. मराठीला त्याची गरज नाही, कारण मराठीत ‘आग्रह’ हा शब्द आहे. पंगतीत वाढणारा ‘एवढी एक पुरणपोळी घ्यायलाच हवी’ म्हणून ताटाजवळ अडून बसतो, तेव्हा त्यात सक्ती असते, पण पानावर बसलेल्याला ती सक्ती म्हणून जाणवत नाही, कारण वाढणारा आपला आहे हे त्याला आधीपासून ठाऊक असते. अनोळखी घरात तोच आग्रह संकोच वाढवतो. क्लाइनफेल्ड यांचे निरीक्षणही नेमके या क्रमाविषयी आहे. आधी ओळख आणि विश्वास, मग मागणी, असा क्रम राहिला तर मूल त्या मागणीकडे शिक्षकाच्या आस्थेचीच आणखी एक खूण म्हणून पाहते, आणि क्रम उलटला तर तीच मागणी त्याला हुकूमत वाटते.

विश्वासाचा हा भाग मोजून पाहण्याचा एक साधा पण चतुर प्रयत्न डेव्हिड यीगर, जेफ्री कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांचा शोधनिबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सातवीच्या मुलांनी आपल्या आदर्श व्यक्तीवर निबंध लिहिले आणि शिक्षकांनी ते नेहमीसारखे तपासून, समासात दुरुस्त्या सुचवून परत केले. निबंधाला एक चिठ्ठी जोडलेली होती. काही मुलांच्या चिठ्ठीत इतकेच होते की निबंधाबद्दल अभिप्राय कळावा म्हणून या सूचना केल्या आहेत. इतरांच्या चिठ्ठीत मात्र असे होते की तुझ्याकडून माझ्या अपेक्षा फार मोठ्या आहेत आणि त्या तू पुऱ्या करशील याची मला खात्री आहे, म्हणून या सूचना केल्या आहेत. कोणाला कोणती चिठ्ठी मिळाली हे शिक्षकांना माहीत नव्हते, आणि निबंध पुन्हा लिहायचा की नाही हे मुलांच्या मर्जीवर सोडले होते. गोऱ्या मुलांत पुन्हा लिहिणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ६२ वरून ८७ वर गेले. आफ्रिकन-अमेरिकन मुलांत ते शेकडा १७ वरून ७० च्या पुढे गेले. प्रयोग लहान होता, मुले पन्नासाच्याही आत होती, त्यामुळे या आकड्यांवर इमारत उभारण्याची घाई करू नये. तरीही दोन्ही गटांतील तफावत बोलकी आहे. ज्या मुलाला समाजाने आधीच कमी लेखलेले असते, ते लाल शाई पाहताना मनात एक वेगळाच हिशेब मांडत असते : ही चूक माझ्या निबंधाची काढली की माझी? चिठ्ठीने ती शंका मिटवली. महाराष्ट्रातील वर्गात ‘आणि’ला ‘आनि’ लिहिणाऱ्या, घरी अहिराणी किंवा कोरकू बोलणाऱ्या, पाड्यावरून किंवा वस्तीवरून येणाऱ्या मुलाच्या वहीवर लाल रेघ पडते, तेव्हा त्याच्या मनातही हाच हिशेब चालत नसेल असे मानणे कठीण आहे.

आपल्याकडे या लाल शाईच्या मजकुराला ‘शेरा’ म्हणतात, आणि शाळेची संस्कृती पाहायची असेल तर मुख्याध्यापकांच्या खोलीतील सुविचारापेक्षा वहीतील शेरा वाचावा. ‘छान’, ‘ठीक’, ‘अक्षर सुधारा’, ‘अभ्यासाकडे लक्ष द्या’ हे शेरे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत, आणि त्यांपैकी एकानेही मुलाला उद्या नेमके काय करायचे ते कळत नाही. शिक्षण हक्क कायद्यानंतर आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात, म्हणजे वर्षाखेरच्या एकाच परीक्षेऐवजी वर्षभर निरनिराळ्या मार्गांनी मुलाची प्रगती पाहण्याच्या पद्धतीत, प्रत्येक मुलाविषयी ‘वर्णनात्मक नोंद’ करण्याची सोय झाली. कल्पना उत्तम होती. परंतु तयार नोंदींच्या याद्या आधी छापील स्वरूपात आणि मग मोबाइलवर मिळू लागल्या, आणि ‘वर्गात उत्साहाने सहभागी होतो’ हे एकच वाक्य चाळीस मुलांच्या पुढे उतरले. अशी नोंद कोणाला दुखवत नाही हे खरे, पण ती मुलाकडे पाहिल्याचा पुरावाही देत नाही, आणि न पाहता केलेल्या कौतुकाला दयाळूपणा म्हणता येत नाही.

उपयोगी शेरा कसा असतो याचा एक दाखला अमेरिकेतील रॉन बर्गर या शिक्षकाने अनेक व्याख्यानांतून दिला आहे. बर्गर मॅसॅच्युसेट्समधील खेड्यातील शाळेत बरीच वर्षे शिकवत, जोडीला सुतारकामही करत, आणि चांगल्या कामाविषयीची त्यांची समज सुताराची आहे : सांधा बसला नाही तर फळी पुन्हा तासायची, त्यात मानापमान कसला? त्यांचा दाखला आयडाहो राज्यातील बॉइसी शहरातल्या पहिलीच्या एका मुलाचा आहे, ज्याला छायाचित्र पाहून एका पिवळ्या-काळ्या फुलपाखराचे शास्त्रीय चित्र काढायचे होते. पहिले चित्र कोणत्याही लहान मुलाने काढावे तसे, गोलसर पंखांचे होते. वर्गमित्रांनी ते ‘छान’ म्हणून सोडले नाही किंवा त्याची थट्टाही केली नाही. पंखांचा आकार त्रिकोणी आहे, कडा टोकदार आहेत, असे छायाचित्राकडे बोट दाखवून सांगितले. आधी फक्त आकारावर सूचना घ्यायच्या, आकार जमला की मगच नक्षीकडे वळायचे, असे ठरले होते. सहाव्या प्रयत्नात जे चित्र तयार झाले ते पाहून प्रौढांचाही विश्वास बसत नाही. दुसऱ्याच्या कामावर बोलण्याचे बर्गर यांचे नियम तीनच आहेत : बोलणे सौम्य असावे, नेमके असावे आणि उपयोगी पडावे. उदाहरण पहिलीचे असले तरी त्याची खरी गरज हायस्कूलला आहे, कारण पहिलीतले मूल चित्र फाडून पुन्हा काढायला तयार असते, तर नववीतल्या मुलाला ‘आपल्याला जमत नाही’ हे चारचौघांत उघडे पडण्याची धास्ती असते.

ही धास्ती शिक्षकापेक्षा सोबत्यांची अधिक असते, म्हणून दयाळूपणाची संस्कृती केवळ शिक्षकाच्या स्वभावावर उभी राहत नाही. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांच्या मार्गदर्शनाखाली शाळेतील छळवणुकीविरुद्ध ‘किवा’ नावाचा कार्यक्रम तयार झाला आणि २००९ पासून तो देशभरातील शाळांत पसरला. फिनिश भाषेत ‘किवा’ म्हणजे छान, आणि हे नाव ‘छळाविरुद्ध’ या अर्थाच्या शब्दांची आद्याक्षरे जुळवूनही होते. साल्मिवाल्ली यांचा मूळ शोध असा की छळणारा आणि छळला जाणारा एवढी दोनच माणसे या प्रसंगात नसतात. छळणाऱ्याला साथ देणारे, हसून चेव आणणारे, खाली मान घालून बाजूला होणारे आणि क्वचित मध्ये पडणारे, अशी सगळ्या वर्गाची त्यात भूमिका असते, आणि हसणाऱ्यांनी हसणे थांबवले की छळणाऱ्याची मिळकतच बंद होते. या कार्यक्रमाचा परिणाम लहान वर्गांत जितका दिसला तितका वरच्या वर्गांत दिसला नाही, हेही नोंदले पाहिजे. वयात येणाऱ्या मुलांत दबदबा हेच चलनी नाणे असल्यामुळे हे काम तेथे अवघड आहे.

मराठी शाळेत तर हसण्याची सोय कधी कधी शाळाच करून देते. गडबड करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिण्याचे काम मॉनिटरकडे सोपवले जाते, पेपर वाटताना गुण मोठ्याने वाचले जातात, गुणांनुसार ‘अ’पासून ‘ड’पर्यंत तुकड्या पाडल्या जातात आणि शेवटच्या तुकडीला ‘ढ’ म्हणण्याची परंपरा शिक्षकांच्या खोलीतही चालते. कोंबडा करणे, अंगठे धरायला लावणे, बाकावर उभे करणे या शिक्षांचाही खरा मारा पायांवर नसतो, तो वर्गासमोर होणाऱ्या शोभेचा असतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली, ती याच जाणिवेतून. तो कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांपुरता असल्याने नववी-दहावीची मुले त्याच्या कुंपणाबाहेर राहतात. मात्र मुलाचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याने केलेल्या क्रूरतेला शिक्षा सांगणारा २०१५ चा बाल न्याय कायदा अठरा वर्षांखालील सर्वांना लागू आहे. छडी गेल्यावर मुले कशी ऐकणार, हा प्रश्न अनेक शिक्षक प्रामाणिकपणे विचारतात, आणि त्याचे उत्तर शासकीय परिपत्रकांत मिळत नाही, कारण परिपत्रक काय करू नये तेवढेच सांगते.

काय करावे याची उदाहरणे शोधायला मराठी माणसाला तुर्कूपर्यंत जाण्याचे कारण नाही. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि वसतिगृहही त्यांच्याकडे होते. त्यांचे नाव आता केवळ हळवेपणाशी जोडले गेले आहे, पण विद्यार्थ्यांसाठी रोज हस्तलिखित दैनिक काढणारा आणि त्यांच्या खोल्या स्वतः झाडून टापटिपीचा धडा देणारा माणूस अपेक्षा कमी करणारा नव्हता; खोली झाडलेली पाहून शरमलेला मुलगा दुसऱ्या दिवशी स्वतः झाडू घेतो, ही त्यांची मागणी करण्याची रीत होती. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवले आणि ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर १९४० मध्ये साताऱ्यातच महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू केले. गरीब मुलाला फी माफ करून उपकृत करण्यापेक्षा त्याच्या हाती कुदळ आणि पुस्तक दोन्ही देणे, यात त्याच्या कुवतीवरचा जो विश्वास आहे, तो कणवेत नसतो.

एवढे असूनही शिक्षकाच्या बाजूचा हिशेब दृष्टिआड करता येत नाही. साठ मुलांच्या तुकडीत प्रत्येक निबंधाला पाच मिनिटे दिली तर पाच तास लागतात, आणि भाषाशिक्षकाकडे अशा तीन तुकड्या असल्या तर पंधरा. वेळापत्रकात या कामासाठी तासिका नसते, आणि निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंतची कामे मात्र असतात. त्यामुळे सर्व निबंधांना सविस्तर शेरा मिळावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. सत्रात दहाऐवजी दोनच निबंध द्यावेत, पहिला खर्डा मुलांनी बर्गर यांच्या तीन नियमांनी एकमेकांचा तपासावा आणि शिक्षकाची लाल शाई दुसऱ्या खर्ड्यावर पडावी, इतके मात्र कोणत्याही शाळेला आजच्या मनुष्यबळात करता येते. पालकांनीही येत्या पालकसभेत गुण आणि टक्के विचारून झाल्यावर आपल्या मुलाच्या वहीतला दुसरा खर्डा पाहायला मागावा, आणि तो नसेल तर तो का नाही, हे शांतपणे विचारावे.