घरबसल्या पहारा

ब्लॉकचेनच्या प्रचारात एक दावा हमखास असतो: इथे कोणावरही विश्वास ठेवावा लागत नाही. बँक नको, मध्यस्थ नको, हिशेब सगळ्यांसमोर उघडा. वापरणाऱ्यापुरतं हे बऱ्याच अंशी खरं असेलही. पण असं जाळं उभारणाऱ्या कंपनीत डोकावलं तर वेगळंच दिसतं. ग्राहकाच्या डोक्यावरून उतरलेलं विश्वासाचं ओझं तिथल्या नोकरदारांच्या खांद्यावर येतं, आणि ही माणसं एकमेकांना बहुधा पडद्यावरच भेटलेली असतात.

पॉलिगॉन या ब्लॉकचेन कंपनीचंच पाहा. जयंती कनानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी २०१७ साली मुंबईत ती ‘मॅटिक’ नावाने सुरू केली. पुढे सर्बियाचे मिहाइलो बिएलिच सहसंस्थापक झाले, २०२१मध्ये नाव बदललं, माणसं देशोदेशी विखुरली. मुंबईचं नाव अनेक वर्षं टिकलं ते तिच्या टेस्टनेटला, म्हणजे खोट्या पैशांवर रंगीत तालीम करण्याच्या जाळ्याला. अशा विखुरलेल्या कंपनीत दिवसाचा मोठा भाग कोड लिहिण्यापेक्षा दुसऱ्याचा कोड वाचण्यात जातो. प्रत्येक बदल दुसऱ्या कोणीतरी तपासायचा, शंका लेखी विचारायच्या, तालीम करायची, मग बाहेरच्या ऑडिटरकडे द्यायचं. तिजोरीच्या व्यवहारांना मल्टिसिग, म्हणजे ठरलेल्या संख्येइतक्या लोकांच्या सह्या. ऑफिसात शेजारच्या टेबलापाशी दोन मिनिटांत मिटणारी शंका इथे सविस्तर लिहून ठेवावी लागते, कारण उत्तर देणारा तेव्हा झोपलेला असतो. स्वातंत्र्याच्या ओढीने आलेल्यांना हे सरकारी फायलींसारखं वाटलं तर नवल नाही.

यात ब्लॉकचेनचं विशेष काय, असं कोणी विचारेल. गिटलॅब, ऑटोमॅटिक या कंपन्या कितीतरी वर्षं अशाच विखुरलेल्या चालतात. खरं आहे, पण वेबसाइटच्या सॉफ्टवेअरमधली चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून माफी मागता येते. इथे पैसाच कोडमध्ये असतो आणि गेलेला सहसा परत येत नाही. ३ डिसेंबर २०२१ रोजी एका बाहेरच्या संशोधकाने पॉलिगॉनला कळवलं की मॅटिक टोकनच्या, म्हणजे तिच्या जाळ्यावरच्या चलनाच्या, मूळ काँट्रॅक्टमध्ये (ते चालवणाऱ्या कोडमध्ये) भगदाड आहे. एकूण १,००० कोटी टोकनांपैकी सुमारे ९२७ कोटी धोक्यात होते. दोन दिवसांत जाळं गुपचूप सुधारलं गेलं. त्याआधीच ८,०१,६०१ टोकन चोरीला गेले होते. जगाला हे कळलं २९ डिसेंबरला. विकेंद्रित म्हणवणारं जाळं असं परस्पर बदलता येतं, ही त्यावरची टीका चुकीची नाही. पण आधी जाहीर केलं असतं तर चोरांना पत्ताच दिल्यासारखं झालं असतं. म्हणजे ऐन प्रसंगी सगळा भार मूठभर लोकांच्या मौनावर होता, आणि पूर्ण कारण न सांगता दिलेल्या सूचनेवर व्हॅलिडेटर, म्हणजे व्यवहार तपासणारे संगणक, चालवणाऱ्यांनी भरवसा ठेवण्यावर.

सह्यांची संख्या वाढवली की हा प्रश्न सुटतो, असा दुसरा युक्तिवाद असतो. मार्च २०२२मध्ये ‘ॲक्सी इन्फिनिटी’ या ब्लॉकचेनवरच्या खेळाचा रोनिन ब्रिज, म्हणजे एका ब्लॉकचेनवरून दुसरीवर पैसा नेणारा पूल, लुटला गेला. तिथे नऊपैकी पाच सह्या लागत. त्यातल्या चार एकाच कंपनीच्या ताब्यात होत्या, आणि पाचवीसाठी पूर्वी तात्पुरती दिलेली परवानगी काढायची राहून गेली होती. ६० कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेली आणि ते कळायला सहा दिवस लागले! शिरकाव झाला तो एका अभियंत्याला खोट्या मुलाखती घेऊन पाठवलेल्या नोकरीच्या प्रस्तावाच्या फाइलमधून, असं नंतर प्रसिद्ध झालं. एफबीआयने यामागे उत्तर कोरियाच्या हॅकरांचं नाव घेतलं. घरबसल्या काम करणाऱ्याला न भेटलेल्या माणसाने व्हिडिओवर मुलाखत घेणं संशयास्पद का वाटावं? त्याची आत्ताची नोकरीही बहुधा तशीच मिळालेली असते. ऑफिस असतं तर चोरी टळली असती असं नव्हे. पण समोरचा खरा कोण, हे ओळखण्याचं कामही इथे कर्मचाऱ्यावरच पडतं.

राहिला पगार. जोखीम मोठी तशी कमाईही मोठी, असं म्हटलं जातं. पण मोबदल्याचा काही भाग अनेकदा टोकनांत असतो आणि तो काही वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळतो, म्हणजे ज्या कोडची राखण करायची त्यातच स्वतःची बचत अडकलेली. डिसेंबर २०२१मध्ये मॅटिक तीन डॉलरच्या जवळ पोचला होता. पुढच्या जूनमध्ये अर्ध्या डॉलरच्याही खाली होता. भारतात राहणाऱ्याला टोकन हाती आले त्या दिवशीच्या भावाने सहसा पगार म्हणून कर भरावा लागतो. नंतर नफा झाला तर २०२२च्या एप्रिलपासून ३० टक्के कर, आणि भाव कोसळून तोटा झाला तर तो दुसऱ्या कुठल्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही.