बंबातला जाळ आणि डोंगरावरची गाडी

वाफेचं इंजिन समजून घ्यायला न्हाणीतला तांब्याचा बंब आठवा. मध्ये नळी, नळीत जाळ, भोवती पाणी. इंजिनात अशा बारीक नळ्या पुष्कळ असतात. त्यातून जळता धूर जातो, भोवतीच्या पाण्याची वाफ होते, वाफ दट्ट्याला ढकलते आणि चाक फिरतं. कुकरसारखी सुरक्षा झडपही असते.

असं जुनं इंजिन दुरुस्त करून वर्षातून एकदा हारतुरे घालून चालवणं सोपं. रोज गाडी ओढायला लावलं, की प्रश्न उभा राहतो तो जाळ घालणाऱ्या माणसाचा. गार बॉयलर एकदम तापवता येत नाही, पत्रा आणि सांधे कमी-जास्त फुगून तडा जाण्याची भीती. म्हणून गाडीच्या कित्येक तास आधी कुणीतरी उठायचं. मग फावड्याने कोळसा टाकायचा आणि संध्याकाळी राख काढायची, काजळी झाडायची. पहाटे चूल पेटवणारीला हे वेगळं सांगायला नको.

तमिळनाडूतली निलगिरीची गाडी आपल्यातल्या बऱ्याच जणींनी ‘दिल से’ सिनेमात पाहिली आहे, तीच, जिच्या टपावर नाच आहे. मेट्टुपाळयम ते उटी ४६ किलोमीटर. कुन्नूरपर्यंत ती १८९९ मध्ये सुरू झाली, उटीला १९०८ मध्ये पोचली. कल्लारपासून कुन्नूरपर्यंत साडेबारा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, असा चढ आहे. रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी आहे, तिच्यात इंजिनाचं दातेरी चाक अडकतं आणि इंजिन मागून डबे ढकलतं. इथे एकच वाफ दोनदा कामाला लागते. आधी नेहमीची चाकं फिरवते, मग उरलेल्या जोरावर दातेरी चाक. भाताच्या वाफेवर वरच्या डब्यात डाळ शिजवावी तसं.

कोळसा हलका निघाला, की चढावर वाफेचा दाब उतरायचा. शिवाय दोन्ही बाजूंना जंगल, उन्हाळ्यात एक ठिणगी पुरे. म्हणून इथली इंजिनं तेलावर आणली गेली. पंपाच्या स्टोव्हमध्ये रॉकेल बारीक छिद्रातून सुटून जळतं ना, थोडं तसंच. फक्त इथे तेलाचा फवारा वाफेच्याच जोराने करतात. फावड्याच्या जागी हातात झडप आली. राख नाही, कोळशाची ठिणगी नाही. २०११ नंतरच्या काही वर्षांत तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने त्याच जुन्या घडणीची चार नवी तेलावरची इंजिनंही बांधली. कुन्नूरच्या पुढे मात्र डिझेल इंजिन लागतं, आणि आपल्या माथेरानच्या गाडीलाही डिझेलच ओढतं.

पहाटे उठण्याचं काय? निलगिरीची जुनी इंजिनं ज्या स्वित्झर्लंडच्या विंटरथूर गावच्या कारखान्याची, त्यानेच १९९२ मध्ये ब्रिएन्झ गावाजवळच्या डोंगरगाडीसाठी नवी वाफेची इंजिनं केली. ती एकटा माणूस चालवतो. बॉयलरला जाड आवरण आहे, त्यामुळे रात्रीत ऊब फारशी जात नाही. विजेचा हीटर पहाटेआधी पाणी तापवतो, जवळ कुणी बसायला नको. पुढे रॉजर वॉलर या अभियंत्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच उपाय ५२ ८०५५ क्रमांकाच्या युद्धकाळातल्या जर्मन इंजिनावर केले. हलक्या तेलाचा जाळ, आवरण, हीटर, आणि सांध्यांना रोलर बेअरिंग, म्हणजे तेलाची बुधली घेऊन दर फेरीआधी भोवती फिरणं वाचलं.

काही शौकीन म्हणतात, मग ते खरं जुनं इंजिन कुठे राहिलं? आम्हाला हे पटत नाही. बिनधुराच्या चुलीवरची भाकरी भाकरीच असते. कोळसा टाकून ज्याची कंबर गेली, त्याला आधी विचारावं. तेल निर्दोष आहे असं मात्र आम्ही म्हणणार नाही. तेही जळतं, धूर देतं आणि त्याचे पैसे पडतात.

एक काम अजून सुटलेलं नाही, ते पाण्याचं. जड पाण्याचा पांढरा थर बॉयलरमध्ये आतून बसतो, तसा आपल्या बंबातही. थर वाढला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, जळण वाया जातं आणि पत्रा भाजून निघतो. म्हणून पाण्यात औषध घालतात, आणि ठरलेल्या दिवशी बॉयलर गार करून, झाकणं उघडून, पाण्याच्या जोरदार धारेने आतून धुतात. त्या दिवशी ते इंजिन गाडी ओढत नाही.