तिकिटावर नाव एकाचे, विमान दुसऱ्याचे

12 फेब्रुवारी 2009 च्या रात्री अमेरिकेतील बफेलो शहराजवळ एक प्रवासी विमान एका घरावर कोसळले. विमानातील 49 आणि घरातील एक, असे 50 जण ठार झाले. प्रवाशांनी तिकीट काढले होते कॉन्टिनेन्टल या बड्या कंपनीचे. पण विमान उडवत होती कोलगन एअर नावाची छोटी कंपनी! अशा कंपन्यांना तिकडे 'रिजनल एअरलाइन' म्हणतात. आपल्या भाषेत ठेकेदार.

या ठेक्याचे गणित साधे आहे. तिकिटे बडी कंपनी विकते, भाडेही तीच ठरवते. छोटी कंपनी वैमानिक पुरवते आणि ठरलेली रक्कम घेते. मग तिने नफा वाढवायचा कुठून? पगारातून! कोलगनमध्ये सहवैमानिकाचा पगार वर्षाला सुमारे 16 हजार डॉलरपासून सुरू होत होता. त्या विमानाची 24 वर्षांची सहवैमानिक देशाच्या दुसऱ्या टोकाहून, सिएटलहून, रात्रभर मालवाहू विमानांतून प्रवास करून नेवार्कला कामावर आली होती. चौकशी मंडळाने वैमानिकाची चूक हे कारण ठरवले. थकव्याचा परिणाम झाला असावा, असेही नोंदवले. चूक वैमानिकाची, हे मान्य. पण अशा पगारावर उड्डाणे चालवणारा ठेका दिला कोणी?

मृतांचे नातेवाईक गप्प बसले नाहीत. वॉशिंग्टनला खेटे घालून त्यांनी 2010 मध्ये कायदा करवून घेतला. 2013 पासून सहवैमानिकालाही साधारणपणे 1500 तासांच्या उड्डाणाचा अनुभव सक्तीचा झाला. विमान प्रत्यक्षात कोण उडवणार, हे तिकीट विकतानाच सांगणे बंधनकारक झाले. प्रवाशाला ठेकेदाराचे नाव कळू लागले, एवढेच; बडी कंपनी त्याच्या कामगारांची मालक ठरली नाही.

आपल्याकडे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यावी, अशी तरतूद होती. ती कितपत पाळली गेली, हे नगरपालिकांच्या सफाई कामगारांना विचारा! तत्त्व मात्र योग्य होते.

कोविडनंतर बड्या कंपन्यांनी छोट्या कंपन्यांचे वैमानिक ओढून नेले. 2022 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या उपकंपन्यांना नव्या सहवैमानिकाचे वेतन तासाला 90 डॉलरपर्यंत न्यावे लागले. त्याच वर्षी स्कायवेस्ट कंपनीने वैमानिकांच्या टंचाईचे कारण देऊन 29 लहान शहरांची सेवा सोडण्याची नोटीस दिली. श्रम महागताच पहिला बळी लहान गावाचा! आणि ही सेवा चालत होती सरकारी अनुदानावर. जनतेचा पैसा घेणाऱ्या ठेक्यात वैमानिकाच्या किमान वेतनाची अट घालायला सरकारला कोणी अडवले आहे?