किती नंबर चालू आहे?

जून २०२५ मधली जोगलवाडीची बातमी जिल्ह्यात सगळ्यांनी वाचली. मोखाडा तालुक्यातल्या त्या पाड्यावर बाईला कळा सुरू झाल्या, रुग्णवाहिका वेळेवर आली नाही, खोडाळ्याहून मोखाडा आणि मोखाड्याहून नाशिक अशी वणवण झाली. बाळ पोटातच गेलं आणि बापाने ते पिशवीत घालून एसटीने घरी आणलं. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये कासा इथून सिल्व्हासाला हलवलेली गरोदर बाई वाटेतच दगावली होती. दोन्ही वेळा चर्चा झाली ती गाड्यांची, १०८ ची आणि खाटांची. ती व्हायलाच हवी. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, पण रुग्ण गंभीर झाला की आजही नातेवाइकांच्या तोंडी सिल्व्हासा, वलसाड, नाशिक, ठाणे नाहीतर मुंबई हीच नावं येतात.

या चर्चेत एक प्रश्न मात्र मागे पडतो. रुग्ण पहिल्या दारात पोचतो तेव्हा याला किती घाई आहे आणि याला कुठे पाठवायचं, हे कोण ठरवतं? मोखाड्याच्या पाड्यावर हा प्रश्न जिवावर बेततो. बोईसरच्या दवाखान्यात तोच प्रश्न रोज संध्याकाळी साडेसहाला उभा असतो, फक्त त्याची बातमी होत नाही.

बोईसरमधला कुठलाही चालता दवाखाना घ्या. उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग, आत भिंतीला लागून खुर्च्या, कोपऱ्यात वजनकाटा. टेबलावर दोनशे पानी वही आणि वहीमागे एक मुलगी. ती नाव लिहिते आणि नंबर सांगते. फोन वाजला की पलीकडून एकच प्रश्न येतो, ‘किती नंबर चालू आहे?’ ती म्हणते, ‘सतरा.’ विचारणाऱ्याचा नंबर बत्तीस असतो. आता निघायचं की थांबायचं, हे त्याचं त्याने ठरवायचं.

हे ठरवणं तारापूर एमआयडीसीतल्या कामगाराला सोपं नाही. पहिली पाळी साधारण सातला लागते आणि तीनला सुटते, दुसरी रात्री अकराला. दवाखाना मात्र सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी सहा ते साडेनऊ. म्हणजे दुसऱ्या पाळीवाल्याला फक्त सकाळ उरते. रात्रपाळी करून आलेला दहापर्यंत जागाच राहतो. कंत्राटी कामगाराचा खाडा झाला की त्या दिवसाचा पगार गेला, म्हणून तो तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत ताप अंगावर काढतो. मुंबईला नोकरीला जाणाऱ्यांची गाठ लोकलशी असते. गाडी विरारला अडकली की नंबर गेला.

सरकारी दवाखान्यात पैशाची अडचण बरीच दूर झाली. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरचेही पैसे पडत नाहीत. रांग मात्र तशीच राहिली. सकाळची ओपीडी गाठायची तर विक्रमगडकडून येणाऱ्याला पहिली एसटी धरावी लागते, आणि तीच एसटी धरून आणखी कितीतरी जण आलेले असतात.

रांगेचा हिशेब कागदावर करता येतो. एका डॉक्टरकडे संध्याकाळी चाळीस रुग्ण आहेत आणि प्रत्येकाला पाच मिनिटं लागतात असं धरा. चाळीसही जण सहाला येऊन बसले तर पहिला लगेच आत जातो आणि शेवटचा सव्वानऊला. सरासरी थांबणं ९७ मिनिटांच्या वर जातं. सगळ्यांचं मिळून होतात ६५ तास, म्हणजे कारखान्यातल्या आठ पाळ्या. एका दवाखान्यात, एका संध्याकाळी, आठ माणसांचं दिवसभराचं काम खुर्चीत बसून वाया गेलं. आता याच चाळीस जणांना दर अर्ध्या तासाला सहा-सहा असं बोलवा. सरासरी थांबणं बारा मिनिटांवर येतं. प्रत्यक्षात कुणाला दोन मिनिटं पुरतील, कुणाला पंधरा लागतील, त्यामुळे आकडा वाढेल. तरी तो दीड तासाच्या आसपासही जाणार नाही.

हा विचार नवा नाही. नॉर्मन बेली या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये इंग्लंडमधल्या रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांतल्या रांगांवर निबंध लिहिला. डॉक्टरचा एक क्षणही रिकामा जाऊ नये, या धास्तीने रुग्णालयं रुग्णांना आधीच गोळा करून ठेवत. बेलीने गणित मांडून दाखवलं, की डॉक्टरला थोडी उसंत मिळेल अशा बेताने माणसं बोलावली तर रुग्णांचं थांबणं प्रचंड कमी होतं. त्याची शिफारस एका ओळीत मावते: सुरुवातीला दोघांना एकदम बोलवा, बाकीच्यांना एका तपासणीला सरासरी जितका वेळ लागतो तितक्या अंतराने. पहिला उशिरा आला तर दुसरा हजर असतो आणि डॉक्टर खोळंबत नाही. रांगांच्या अभ्यासात आजही ‘बेलीचा नियम’ म्हणून तो शिकवतात. सत्तर वर्षांहून जुनं, कागद-पेन्सिलीने करता येणारं हे गणित आपल्या गावच्या दवाखान्यांत पोचू नये, याचं खरंच वाईट वाटतं. त्यासाठी ना इमारत लागते, ना निधी, ना मंजुरी.

बोईसर-पालघरला मात्र बेलीचा नियम जरा वाकवूनच घ्यावा लागेल. ‘सात वाजून दहा मिनिटांनी या’ असं सांगून इथे भागणार नाही, कारण लोकल आणि एसटी दोन्ही वेळेच्या हमीवर धावत नाहीत. अर्ध्या तासाच्या तुकड्या जमतील. साडेसातच्या तुकडीतला माणूस पावणेआठला पोचला तरी त्याची तुकडी संपलेली नसते. फोनवरून आणि ॲपवरून नंबर घेणाऱ्यांना निम्म्याच जागा द्याव्यात, बाकीच्या दारात येणाऱ्यांसाठी राखाव्यात. नाहीतर हातात स्मार्टफोन असलेला घरून निघायच्या आत पुढे जातो आणि पाड्यावरून तासभर चालत आलेली आजी पन्नासाव्या नंबरावर पडते. ‘आभा’ या डिजिटल आरोग्य ओळखीच्या ॲपने रुग्णालयातला क्यूआर कोड स्कॅन करून टोकन घेण्याची सोय केंद्र सरकारने २०२२ मध्ये आणली. तिने केसपेपरच्या खिडकीपुढची गर्दी कमी होते. डॉक्टरच्या दारापुढची नाही.

वेळेचं असं सुटेल. घाईचं काय? रांग न्याय्य वाटते, कारण आधी येईल तो आधी जातो. आजार मात्र नंबर बघून येत नाही.

पावसाळ्यातली एक सकाळ घ्या. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतो. सकाळी दवाखान्यात येऊन बसतो, नंबर सत्तावीस. पोटदुखी म्हटल्यावर कुणी लक्ष देत नाही, ओवा खा म्हणतात. त्याला मण्यार चावलेली असू शकते. मण्यार रात्री अंथरुणात चावते, बहुधा दुखत नाही, सूज येत नाही, दाताची खूणही सापडत नाही. मग पापण्या जड होतात, जीभ जड होते, आणि पुढे श्वासाचे स्नायू थकतात. सत्तावीस नंबर येईपर्यंत वेळ हातातून गेलेली असते. वहीमागच्या मुलीला ‘रात्री खाली झोपला होतात का? डोळे उघडे ठेवता येतात का?’ एवढं विचारता आलं, तर माणूस वाचतो. ‘ॲसिडिटी झालीय, छातीत जळजळतंय’ म्हणणाऱ्या पन्नाशीच्या मधुमेह्याचंही तेच. छातीतल्या दुखण्याचा ईसीजी दहा मिनिटांत निघावा, असं वैद्यकीय संकेत सांगतात.

लहान मुलांबाबत तर नियम इतका साधा आहे, की तो प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लावता येईल. बाळ शांत असताना घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५०, वर्ष ते पाच वर्षं ४०: हा वेग गाठला की बाळ रांगेतलं राहिलं नाही. दूध ओढत नाही, प्यायलेलं सगळं ओकतं, झटके आले, हाक मारली तरी मलूल पडून आहे, ही धोक्याची लक्षणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या या पद्धतीत मुलांची विभागणी गुलाबी, पिवळ्या आणि हिरव्या रंगांत होते. आपल्या अंगणवाडी सेविकांना आणि परिचारिकांना ती शिकवली जाते. शहरातल्या दवाखान्यात दारावर बसणाऱ्याला मात्र कुणी शिकवत नाही.

दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या एका गटाने २००४ पासून दारातच घाई ठरवण्याच्या पद्धतीवर काम केलं. नाडी, श्वास, ताप, रक्तदाब, शुद्ध आणि चालता येतं का, यावरून परिचारिका काही मिनिटांत रुग्णाला रंग देते आणि रंगानुसार डॉक्टर बघतो. इंग्लंडने २०१६ मध्ये दवाखान्यांतल्या स्वागतकक्षाच्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी पाच वर्षांकरिता साडेचार कोटी पौंड काढून ठेवले. दारातला माणूस हा उपचाराचाच भाग आहे, हे त्यांनी मान्य केलं. आपल्याकडे ती मुलगी नाव लिहिते, बीपीचा पट्टा बांधते, औषधं पुडीत भरते, लादी पुसते आणि महिन्याअखेर तुटपुंजा पगार घेते. संध्याकाळभर चाळीस घरांची माणसं सगळ्यात आधी पाहणारी ती एकटीच असते.

डॉक्टरांची बाजूही समजून घ्यायला हवी. ६७ देशांतल्या तपासण्यांचा वेळ मोजणारा अभ्यास २०१७ मध्ये आला. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद, भारतात जेमतेम दोन मिनिटं. दोन मिनिटांत इंजेक्शन देऊन होतं, विचारपूस होत नाही. दारातच ताप किती दिवसांचा, साखर आहे का, आधीचे कागद कुठे, एवढं लिहून आत गेलं तर ती दोन मिनिटं कामी येतात.

आणि मग ‘रेफर’. पालघरमध्ये हा शब्द ऐकला की नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो. पुढे पाठवणं चूक नाही. न सांगता पाठवणं चूक आहे. निघण्यापूर्वी तीन गोष्टी विचारायचा नातेवाइकांना पूर्ण हक्क आहे: पुढच्या रुग्णालयात कुणाशी बोलणं झालं, खाट आणि लागणारा डॉक्टर तिथे आहे का, गाडीत ऑक्सिजन आहे का. दिलेली औषधं आणि वेळ लिहिलेला कागद हातात घेतल्याशिवाय निघू नये. जीव धोक्यात असलेल्या रुग्णाला आधी सावरायचं, पोलीस आणि पैसे नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच सरकारी आणि खासगी अशा सगळ्याच डॉक्टरांना बजावलं आहे. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं खासगी रुग्णालयांवर बंधनकारक आहे. ते दिसलं नाही तर विचारावं, मोठ्याने विचारावं.

जिल्ह्याला मोठी रुग्णालयं हवीत, भरलेली डॉक्टरांची पदं हवीत, ऑक्सिजनच्या गाड्या हव्यात. त्यासाठी भांडत राहायलाच हवं. पण पुढच्या सोमवारपासून बोईसरच्या एखाद्या दवाखान्यात काय बदलता येईल, याचं उत्तर हाताशी आहे. भिंतीवर सेकंदकाट्याचं घड्याळ, वहीत अर्ध्या तासाच्या तुकड्यांच्या रेघा आणि वहीमागच्या मुलीला दोन दिवसांचं शिक्षण. मग दुपारी पाळीवरून सुटलेला कामगार फोन करून विचारेल, ‘किती नंबर चालू आहे?’ आणि पलीकडून उत्तर येईल, ‘साडेसातच्या तुकडीत या, दादा. ताप किती दिवस आहे? बोलताना धाप लागते का? लागत असेल तर आत्ताच निघा.’