दवंडी कोणाची?

गावात दवंडी ऐकू आली की आपण विचारतो, दवंडी कोणाची? पंचायतीची की देवस्थानाची? दवंडीवाला समोर असतो, म्हणून विचारता येते. मोबाइल फोनवरची दवंडी निराळी. ती पिटणारा दिसत नाही. अशा दवंडीने अमेरिकेतल्या एका शहरात काय घडले, ते आम्ही सांगतो.

अमेरिकेत टेक्सास नावाचे राज्य आहे. ह्यूस्टन हे त्यातले मोठे शहर. तेथे मुसलमानांचे एक धर्मकेंद्र आहे. त्या केंद्रातल्या नव्या वाचनालयावरून तंटा पेटवला गेला. वाचनालयावरून बरे का! २१ मे २०१६ रोजी केंद्रासमोर दोन जमाव उभे राहिले. एक जमाव म्हणे, टेक्सासमध्ये इस्लाम वाढू देणार नाही. त्यांच्यातल्या काहींजवळ बंदुका होत्या. दुसरा जमाव त्यांच्याविरुद्ध घोषणा देत होता. पोलिसांनी दोघांना वेगळे ठेवले. मारामारी झाली नाही, हे नशीबच म्हणायचे.

आता पाहा, या लोकांना बोलावले कोणी? फेसबुक ही फोनवरची मोठी चावडी आहे. तेथे कोणीही आपले पान उघडतो आणि त्यावर लिहितो. पहिल्या जमावाला ‘हार्ट ऑफ टेक्सास’ नावाच्या पानाने बोलावले होते. ‘युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका’ या दुसऱ्या पानाने मुसलमानांच्या बाजूच्या लोकांना त्याच दिवशी, त्याच जागी बोलावले होते. आणि ही दोन्ही पाने एकाच कचेरीतून चालत होती! ती कचेरी टेक्सासमध्ये नव्हती, अमेरिकेतही नव्हती. ती होती रशियात, सेंट पीटर्सबर्ग शहरात, सुमारे ९ हजार किलोमीटर दूर. तिचे नाव इंटरनेट रिसर्च एजन्सी. तेथे पगारी माणसे पाळ्या लावून बसत आणि अमेरिकन माणसांची खोटी नावे घेऊन लिहीत. या दोन बोलावण्यांच्या जाहिरातीला खर्च आला सुमारे २०० डॉलर. म्हणजे त्या वेळचे तेरा-साडेतेरा हजार रुपये. एवढ्या पैशात एका शहरातली माणसे समोरासमोर उभी केली.

हे एका दिवसात होत नाही. टेक्सासच्या पानावर पहिल्यापासून नुसते विष नव्हते. आपले राज्य किती थोर, आपली माणसे किती शूर, असेही त्यावर असे. ते कोणाला आवडणार नाही? माणूस रोज वाचू लागतो. मग हळूच कोणाचा तरी राग करायला शिकवतात. भोवती सगळे तेच बोलताना दिसतात, म्हणून त्याला वाटते, सारा गाव आपल्यासारखाच चिडला आहे. त्या गावातली कितीतरी माणसे मुळी नसतातच.

अशा बनावट लोकमताला इंग्रजीत खोट्या गवताचे नाव आहे. गंमत अशी की ते गवतही ह्यूस्टनचेच. १९६६ साली तेथल्या खेळाच्या मैदानात कृत्रिम गवत अंथरले, ते ‘अ‍ॅस्ट्रोटर्फ’ नावाने गाजले. पुढे १९८५ मध्ये टेक्सासचेच खासदार लॉइड बेंट्सन यांच्याकडे पत्रांचा ढीग आला. ती पत्रे विमा कंपन्यांनी लिहवून घेतलेली दिसली. खरे गवत आणि अ‍ॅस्ट्रोटर्फ टेक्सासच्या माणसाला ओळखता येते, असे ते म्हणाले.

पण एक सांभाळावे. आपल्याला न पटणारे बोलला की तो भाडोत्रीच, असे म्हणणेही वाईट. ह्यूस्टनला बोलावणारे खोटे होते, आलेली माणसे खरी होती. त्यांचा रागही खरा होता. खोटी पाने नसती तरी त्यांची मते तीच राहिली असती, असेही असू शकेल. म्हणून माणसाला नव्हे, दवंडीला विचारावे. हे पान कोण चालवतो? त्याला कोणी समक्ष पाहिले आहे का?

हे सारे उघडकीला आले ते नोव्हेंबर २०१७ मध्ये. अमेरिकेच्या संसदेच्या समितीने दोन्ही बोलावणी लोकांना दाखवली. फेब्रुवारी २०१८ मध्ये १३ रशियन माणसांवर आणि ३ संस्थांवर आरोप ठेवले गेले. त्या १३ जणांत येवगेनी प्रिगोझिन हा धनिक होता. आपला काही संबंध नाही, असे तो सांगत असे. २०२३ च्या फेब्रुवारीत मात्र, ही कचेरी आपणच काढली आणि चालवली, असे त्याने स्वतः जाहीर केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विमान कोसळून तो मेला.