होकायंत्र विकत घेताना

आम्ही गव्हाणच्या बचत गटाच्या बाया बोलतोय. आज विषय आहे होकायंत्राचा. दुकानात नुसता ‘कंपास’ मागू नका, शाळेची कंपासपेटी हातात देतात!

बायकांना हे कशाला, असे कोणी म्हणेल. खरेदीखतात चतुःसीमा असते: पूर्वेस अमक्याचा बांध, उत्तरेस खाडी. आपल्याकडे उलव्यापासून विमानतळापर्यंत भराव पडला, बांध पुरले गेले, रस्ते वळले. सासूबाई ज्या खुणांवरून दिशा सांगायच्या त्या खुणाच गेल्या. मग कोणी दलाल नकाशा फिरवून धरतो आणि म्हणतो, “हा बघा तुमचा तुकडा, रस्त्याला लागून.” नकाशावर उत्तरेचा बाण असतो. उत्तर कुठे हे आपल्याला ठाऊक असेल तर नकाशा नीट धरता येतो आणि प्रश्न विचारता येतो. हद्द मात्र होकायंत्राने ठरत नाही. ती भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीनेच ठरते.

मोबाइलमध्येही दिशा दिसते, पण चुंबकाचे कव्हर असेल तर तीही चुकते आणि बॅटरी नेमकी शेतावर संपते.

आता कोणते घ्यायचे? पितळी झाकणाचे, लष्करी थाटाचे होकायंत्र दिसायला झोकदार असते, पण नकाशावर ठेवून काम करायला अडचणीचे. आपल्याला पारदर्शक पट्टीचे हवे, म्हणजे खालचा नकाशा दिसतो. अशा प्रकारात स्वीडनची सिल्वा आणि फिनलंडची सुंतो ही जुनी नावे. अमेरिकेचे ब्रंटन भूगर्भ अभ्यासणाऱ्यांचे म्हणून प्रसिद्ध. तेवढ्या खोलात आपल्याला जायचे नाही. आरसा असलेले मॉडेल महाग पडते. दूरच्या खुणेवर नेम धरायला आरसा उपयोगी, नकाशा सरळ करायला त्याची गरज नाही.

नावापेक्षा एक गोष्ट जास्त महत्त्वाची. पृथ्वीचे चुंबकत्व सुईला फक्त उत्तरेकडे वळवत नाही, जमिनीकडे झुकवतेही. युरोपात हा झुकाव फार, म्हणून तिथल्या सुईच्या दक्षिण टोकाला वजन देऊन ती समतोल करतात. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते, त्यामुळे आपल्याकडे झुकाव बराच कमी. तिकडची सुई इथे आणली की तिचे दक्षिण टोक खाली जाते, तळाला घासते, अडकते. सुंतोच्या काही मॉडेलांवर ‘एनएच’ लिहिलेले असते, म्हणजे उत्तर गोलार्धासाठी. आपण उत्तर गोलार्धात आहोत, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. ‘ग्लोबल’ सुई मिळाली तर उत्तम. नाहीतर यंत्र सपाट धरून सुई मोकळी तरंगते का ते डोळ्यांनी बघा.

दुकानातच आणखी एक परीक्षा करा. लाकडी टेबलावर यंत्र ठेवा, सुई स्थिर होऊ द्या, साडीची सेफ्टी पिन जवळ नेऊन सुई हलवा आणि पिन लांब करा. सुई दर वेळी त्याच खुणेवर परत आली पाहिजे. चार-पाच वेळा करा, दुकानदार कंटाळला तरी चालेल. दोन होकायंत्रे शेजारी ठेवून ताडून बघू नका, त्यांच्या सुया एकमेकींना ओढतात; हातभर अंतर ठेवा. अंशांची चकती फिरवून बघा, ढिली नको. आतल्या द्रवात मोठा बुडबुडा असेल तर ते यंत्र परत ठेवा.

लोखंडाचे हे प्रकरण साधे नाही. मुंबईत कुलाब्याला चुंबकत्व मोजणारी वेधशाळा होती. विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर मोजमाप बिघडेल, म्हणून ते काम १९०४ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातच, अलिबागला नेले. तिथल्या मोजमापाच्या इमारतींत लोखंड टाळले. आज ती वेधशाळा चालवणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था तर आपल्या नवीन पनवेललाच आहे. तेव्हा शेतावर दिशा बघताना कोयता, विळा, मोबाइल, तारेचे कुंपण, विजेची तार यांपासून दूर उभ्या राहा. डोंगरावरच्या काळ्या पाषाणातही लोहखनिज असते, म्हणून तिथे पाच-पन्नास पावले चालून पुन्हा बघा. काचेच्या बांगड्यांचा आणि सोन्याचा काही त्रास नाही.

घरी आणल्यावर रात्री ध्रुवताऱ्याशी ताडा. आपल्याकडे तो क्षितिजापासून साधारण १९ अंश वर दिसतो. हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली की जवळजवळ तेवढे होते. आपल्या भागात सुईची उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे, म्हणून सुई ताऱ्याखालीच गेली पाहिजे.

वापर सोपा. चकतीवरचे उत्तर पट्टीच्या बाणाला जुळवा, पट्टीची कड नकाशावरच्या उत्तरेच्या बाणाला लावा, मग नकाशा आणि यंत्र एकत्र फिरवत राहा, सुईचे लाल टोक उत्तरेवर येईपर्यंत. आता नकाशातला रस्ता आणि समोरचा रस्ता एकाच अंगाला यायला हवेत.

आणि होकायंत्र मोबाइलच्या पिशवीत किंवा स्पीकरजवळ ठेवू नका. जवळच्या चुंबकाने सुई उलटी होते, लाल टोक दक्षिण दाखवू लागते. शंका आली तर सकाळी उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभ्या राहा. उत्तर डाव्या हाताला.