आधी राउटर उलटा करा

यवतमाळ, पुसद, वणीकडे घरोघरी फायबर आलं, तरी त्याच्या डब्याला जोडलेला जुना राउटर बऱ्याच घरांत अजून तग धरून आहे. चालतोय ना, मग कशाला हात लावा, असा हिशेब. पण त्याला चालवणारं फर्मवेअर विकत घेतलं तेव्हाचंच असतं. ऑक्टोबर २०१७मध्ये मॅथी व्हॅनहॉफ या संशोधकाने वायफायच्या डब्ल्यूपीए२ सुरक्षेतली ‘क्रॅक’ ही त्रुटी उघड केली. राउटरपुरता तिच्यावरचा इलाज नव्या फर्मवेअरमधूनच आला.

फर्मवेअर बदलण्याचं काम फसतं ते बहुधा दोन कारणांनी: फाइल चुकते किंवा मध्येच लाइन जाते. दोन्हींचा बंदोबस्त आधीच करता येतो.

फायबर कंपनीने बसवलेल्या डब्याला हात लावू नका. त्याचं फर्मवेअर कंपनीच तिकडून बदलते. आपण बोलतोय ते स्वतः विकत घेतलेल्या राउटरबद्दल. तो उलटा करून तळाचं लेबल वाचा. मॉडेलच्या नावाइतकाच हार्डवेअर व्हर्जनचा आकडा महत्त्वाचा. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूआर८४१एनचंच घ्या: नवव्या व्हर्जनमध्ये क्वालकॉमची चिप, तेराव्या-चौदाव्यात मीडियाटेकची. नाव तेच, पण एकीची फाइल दुसरीच्या कामाची नाही.

कंपनीच्याच साइटवर तेच मॉडेल, तेच व्हर्जन आणि भारतासाठीची फाइल शोधा. राउटरच्या ‘स्टेटस’ पानावरचा बिल्ड क्रमांक त्या फाइलचाच असेल, तर काही करायचं नाही. फाइल बहुधा झिप असते. ती उघडून आतली ‘बिन’ फाइल वापरायची.

आता सेटिंग कागदावर उतरवा: वायफायचं नाव, पासवर्ड आणि असल्यास पीपीपीओईचा, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या लॉगिनचा, युजरनेम-पासवर्ड. हा पासवर्ड स्क्रीनवर नुसत्या ठिपक्यांत दिसतो, म्हणून केबलवाल्याला आधीच विचारून ठेवा. बॅकअप फाइलही घ्या, पण जुनी सेटिंग नव्या फर्मवेअरमध्ये बसतीलच असं नाही. भरवसा कागदावर ठेवा.

मग विजेचं बघा. अपडेट सुरू झालं की राउटर आपल्या फ्लॅश मेमरीतलं जुनं पुसतो आणि त्या जागी नवं लिहितो. त्या दोन-चार मिनिटांत लाइन गेली, तर जुनंही नाही आणि नवंही अर्धवट. म्हणून पावसाळ्याआधीच्या वादळवाऱ्याची संध्याकाळ टाळा आणि महावितरणचं देखभालीचं काम ज्या दिवशी आहे तो दिवसही. राउटर इन्व्हर्टरवर असेल, तर मागचं बटण ‘यूपीएस’वर करा, साध्या मोडमध्ये लाइन जाताना क्षणभर झटका बसतो आणि तेवढ्यानेही राउटर बंद पडू शकतो.

लॅपटॉप लॅन केबलने जोडा, वायफायवरून हे काम करू नका. लेबलवरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.०.१, ब्राउझरमध्ये टाका. टीपी-लिंकच्या जुन्या पानात ‘सिस्टिम टूल्स’खाली ‘फर्मवेअर अपग्रेड’ असतं. फाइल निवडा, बटण दाबा आणि हात मागे घ्या. पान अडकल्यासारखं वाटलं तरी दहा मिनिटं स्विचला किंवा रिसेटला हात नको. राउटर आपोआप पुन्हा सुरू होतो.

सुरू झाल्यावर बिल्ड क्रमांक बदलला का पाहा. मग रिसेट करून कागदावरची सेटिंग भरा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड नवा ठेवा आणि रिमोट मॅनेजमेंट बंद करा. जुलै २०१७मध्ये मालवेअरने बीएसएनएल ग्राहकांचे हजारो मोडेम बंद पाडले, ते कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदलला नव्हता म्हणून.

एवढं करूनही राउटर उठलाच नाही, तर लगेच भंगारात काढू नका. सुरुवात करून देणारा बूटलोडर मेमरीत वेगळ्या जागी असतो. तो शाबूत असला तर कित्येक मॉडेलमध्ये टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या पद्धतीने फर्मवेअर पुन्हा भरता येतं.

आणि कंपनीच्या साइटवरची शेवटची फाइलच कित्येक वर्षांपूर्वीची असेल, तर हा सगळा खटाटोप त्या राउटरला नव्या धोक्यांपासून वाचवणार नाही. तिथे नवा राउटर घेणंच शहाणपणाचं.